पाणी, दात आणि बुद्धी

शाळेत दातांची तपासणी असली की एक प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला असतो. एखाद्या मुलाच्या पुढच्या दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे दिसतात. कोणीतरी मोठे माणूस त्याला सगळ्यांदेखत विचारते, "दात घासत नाहीस का रे?" मूल मान खाली घालते. दुसऱ्या दिवशी ते राखुंडीने, मिठाने, विटेच्या भुकटीने दात घासघासून येते. डाग तसेच असतात.

ते जाणार नाहीतच. हे डाग दातावर बसलेले नसतात, दातातच असतात. दात हिरडीच्या आत तयार होत होता तेव्हाच, म्हणजे मूल दोन-चार वर्षांचे असताना, त्याच्या वरच्या एनॅमलच्या थरात बिघाड झालेला असतो. मुलाने तेव्हा जे पाणी प्यायले, त्याची ती नोंद असते.

पाण्यातल्या फ्लोराइडने दातांवर केलेल्या या नोंदीचा इतिहास शंभराहून अधिक वर्षांचा आहे. या काळात माणसांनी आधी दातांकडे पाहिले, मग हाडांकडे पाहिले आणि अगदी अलीकडे मुलांच्या मेंदूकडे पाहिले. पाण्यात किती फ्लोराइड 'चालेल' हे ठरवणारे आकडेही याच क्रमाने आले. आपण ज्याच्याकडे पाहतो त्याचेच माप घेतो, हे या इतिहासात पुन्हापुन्हा दिसते. तो आपल्या वर्गाशी कसा येऊन भिडतो, ते पाहू.

कोलोरॅडोचा तपकिरी डाग

१९०१ साली फ्रेडरिक मॅके हा नुकताच दंतवैद्य झालेला तरुण अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना थाटायला आला. तिथल्या कितीतरी लोकांच्या दातांवर चॉकलेटी डाग होते. गावकऱ्यांना त्याचे काही वाटत नव्हते. मॅकेने पुस्तके चाळली, पण अशा डागांबद्दल कुठेच काही सापडेना.

१९०९ पासून त्या काळचे नामवंत दंतसंशोधक जी. व्ही. ब्लॅक मॅकेच्या मदतीला आले. पाहणी केली तर गावात जन्मलेल्या दर दहा मुलांपैकी जवळजवळ नऊ मुलांच्या दातांवर डाग! पण मोठेपणी बाहेरून आलेल्या माणसांचे दात स्वच्छ. म्हणजे जे काही घडते ते दात घडत असतानाच घडते. दुसरी गोष्ट आणखी चमत्कारिक होती. हे डागाळलेले दात सहसा किडत नव्हते.

मॅकेला पाण्याचा संशय होता. १९२३ मध्ये आयडाहो राज्यातील ओकली या छोट्या गावातून त्याला बोलावणे आले. तिथल्या आयांनी सांगितले की सुमारे आठ किलोमीटरवरच्या एका कोमट झऱ्याचे पाणी नळाने गावात आणले आणि त्यानंतर मुलांच्या दातांवर डाग येऊ लागले. मॅकेने पाण्याची तपासणी करून घेतली. तीत वावगे काही आढळले नाही. तरीही त्याने तो झरा सोडून द्यायला सांगितले. गावाने ऐकले. काही वर्षांनी धाकट्या मुलांना जे नवे दात आले ते स्वच्छ होते.

म्हणजे दोष पाण्यातच होता, पण तपासणीत सापडत नव्हता. याचे कारण साधे आहे. फ्लोराइड आहे का, हे कोणी पाहतच नव्हते. आपण जे शोधत नाही ते अहवालात येत नाही.

उत्तर मिळाले ते एका कारखान्याच्या काळजीमुळे. आर्कान्सा राज्यात बॉक्साइट नावाचे गाव होते. ॲल्युमिनियमच्या धातुकासाठी एका मोठ्या कंपनीने वसवलेले. तिथेही खोल विहिरीचे पाणी सुरू झाल्यावर डाग दिसू लागले. ॲल्युमिनियमची भांडी विषारी असतात अशी ओरड तेव्हा होतीच. त्यात आता हे डाग! कंपनीचा मुख्य रसायनज्ञ एच. व्ही. चर्चिल याने १९३१ मध्ये ते पाणी नव्या वर्णपटीय पद्धतीने तपासून घेतले. निकाल पाहून त्याचा विश्वास बसेना. नमुना खराब झाला असेल असे समजून त्याने दुसरा मागवला. पुन्हा तेच. पाण्यात फ्लोराइड होते, दर लिटरला १३.७ मिलिग्रॅम. त्याच वर्षी ॲरिझोना विद्यापीठात मार्गारेट कॅमॅक स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून फ्लोराइडने दात डागाळतात हे दाखवून दिले.

एक आकडा ठरतो

पाण्यात एक मिलिग्रॅम दर लिटर म्हणजे किती? हजार लिटरच्या टाकीत एक ग्रॅम. चिमूटभरही नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पण दहा मिलिग्रॅम आणि एक मिलिग्रॅम यांत मुलाच्या तोंडात फार मोठा फरक पडतो.

हा फरक मोजण्याचे काम अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील ट्रेंडली डीन यांच्याकडे आले. त्यांनी डागांच्या पायऱ्या ठरवल्या, 'शंकास्पद'पासून 'तीव्र'पर्यंत. गावोगावी हिंडून मुलांचे दात आणि गावचे पाणी यांची सांगड घातली. २१ शहरांमधील १२ ते १४ वयाच्या सात हजारांहून अधिक मुलांच्या पाहणीतून त्यांना एक सुवर्णमध्य सापडला. दर लिटरला साधारण १ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर दातांची कीड बरीच कमी होते आणि डाग मात्र नावापुरतेच पडतात.

याच आकड्याच्या आधारावर २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स या शहराने आपल्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली. अकरा वर्षांनंतर तिथल्या मुलांमधली कीड साठ टक्क्यांहून अधिक घटलेली दिसली. सार्वजनिक आरोग्याचा हा मोठा विजय मानला गेला आणि अनेक देशांत ही पद्धत गेली.

इथे क्षणभर थांबू. डीन यांचे काम चोख होते, याबद्दल वाद नाही. पण त्यांच्या तराजूच्या एका पारड्यात कीड होती आणि दुसऱ्यात डाग. म्हणजे दोन्ही पारड्यांत दातच होते. शरीराच्या इतर भागांना त्या मापनात जागाच नव्हती.

नेल्लोरची ताठलेली माणसे

अमेरिकेत हे चालले असताना आपल्याकडे काय चालले होते? १९३७ साली मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून एक अहवाल प्रसिद्ध झाला. दर्शी, पोडिली, कनिगिरी या भागांत डागाळलेले दात तर होतेच, पण त्याहून भयंकर असे काही होते. मध्यम वयाची माणसे ताठ झाली होती. मान वळत नव्हती, पाठीचा कणा वाकत नव्हता, सांधे आखडले होते. क्ष-किरण चित्रांत हाडे दाट झालेली आणि त्यांना नको तिथे टोके फुटलेली दिसत होती. कारण तेच, विहिरींच्या पाण्यातले फ्लोराइड.

हे काम एच. ई. शॉर्ट, चिंतामण गोविंद पंडित आणि राघवाचारी यांनी केले. डॉ. पंडित पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले. फ्लोराइडने हाडे बिघडतात हे युरोपात १९३२ मध्ये कोपनहेगनच्या क्रायोलाइट कामगारांमध्ये दिसले होते. पण ते कारखान्याच्या धुळीने घडले होते. पिण्याच्या पाण्याने अख्खी गावे ताठतात, हे नेल्लोरने दाखवले.

पुढे १९८६ मध्ये अमेरिकेने पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडची कमाल मर्यादा ४ मिलिग्रॅम अशी ठरवली. ती याच हाडांच्या आजारावर बेतलेली होती. म्हणजे आता दोन आकडे झाले. एक दातांचा, १. एक हाडांचा, ४. जागतिक आरोग्य संघटनेने १९८४ पासून १.५ ही मर्यादा सुचवली आहे. भारतीय मानकात १ ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, आणि दुसरे पाणी मिळतच नसेल तर १.५.

हवामानाचाही प्रश्न होताच. वैशाखात शेतावर राबणारा माणूस आणि थंड देशातला कारकून सारखेच पाणी पीत नाहीत. १९६२ मध्ये अमेरिकेने आपला आकडा तापमानानुसार ०.७ ते १.२ असा बदलता ठेवला, तो याचसाठी. शरीराला लिटरमधला आकडा कळत नाही. दिवसभरात एकूण किती फ्लोराइड पोटात गेले तेवढेच कळते.

हापसा आला

आपल्याकडचा पुढचा अध्याय दुष्काळाने लिहिला. १९६६-६७ चा बिहारचा दुष्काळ आणि महाराष्ट्रातला १९७२ चा दुष्काळ. उघड्या विहिरी आटल्या. कठीण खडकात खोलवर भोके पाडणारी यंत्रे आली. सोलापूरला घडलेल्या मजबूत पोलादी पंपावरून पुढे 'इंडिया मार्क-दोन' हा हातपंप तयार झाला आणि देशभर गावाच्या चौकाचौकात हापसे उभे राहिले.

याचे उपकार विसरता येणार नाहीत. उघड्या विहिरी, तळी आणि पायविहिरी यांच्या पाण्यातून कॉलरा येई, हगवण येई, नारू येई. पायातून हातभर लांब जंत ओढून काढणारी माणसे आजच्या वयस्क शिक्षकांनी लहानपणी पाहिलेली आहेत. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, त्यात हापशाच्या बंदिस्त पाण्याचा वाटा मोठा होता.

पण खोल खडकातले पाणी ही वेगळी चीज आहे. ते वर्षानुवर्षे खडकाला बिलगून असते. ग्रॅनाइट आणि नाइससारख्या खडकांत फ्लोराइट, ॲपेटाइट, अभ्रक अशी फ्लोरिनयुक्त खनिजे असतात. पाणी ती हळूहळू विरघळवत राहते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर एक आपोआप चालणारी रोखणी असते. कॅल्शियम आणि फ्लोराइड मिळून जवळजवळ न विरघळणारे कॅल्शियम फ्लोराइड बनते आणि फ्लोराइड वाढू शकत नाही. पण जिथे कॅल्शियमच्या जागी सोडियम असते तिथे फ्लोराइड चढत जाते. म्हणून फ्लोराइडचे पाणी पुष्कळदा 'हलके' असते. साबणाला फेस छान येतो, डाळ लवकर शिजते. गावाला जे पाणी सर्वांत आवडते, तेच कधीकधी घात करणारे निघते. (फेस ही फ्लोराइडची परीक्षा नव्हे, हे मुलांना आवर्जून सांगावे. हलके पाणी निर्दोषही असू शकते.)

आंध्र, राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांत हे पाणी सापडले. १९७३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी आणि कमला कृष्णस्वामी यांनी फ्लोराइडच्या भागातील तरुणांमध्ये गुडघे आत वळण्याचे प्रमाण नोंदवले. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने १९७० च्या दशकात तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची रीत बसवली. तिचे नाव पडले 'नालगोंडा पद्धत'. रीत स्वस्त होती. पण रोज मोजून तुरटी घालणे, ढवळणे, गाळ काढणे हे कोणीतरी नेमाने करायला हवे होते. ते जिथे थांबले तिथे पाणी पुन्हा पूर्वीसारखे झाले.

उकळून फ्लोराइड जात नाही, हेही इथेच सांगून ठेवू. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते.

चीनमधील दोन गावे

आता मेंदूकडे येऊ. हाडे आणि दात दिसतात. मेंदूत काही उणे झाले तर ते डोळ्यांना दिसत नाही. ते दिसते फक्त तुलनेतून, आणि तुलना करायला कोणाला तरी प्रश्न पडावा लागतो.

हा प्रश्न प्रथम ठळकपणे विचारला गेला तो चीनमध्ये. तिथेही खोल विहिरींचे पाणी होते. शिवाय काही प्रांतांत घरात जळणाऱ्या कोळशाच्या धुरातून फ्लोराइड अन्नात उतरत होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथले संशोधक अशा भागांतील मुलांच्या बुद्धिचाचण्या घेऊ लागले.

त्यांतला एक अभ्यास समजून घेण्याजोगा आहे. जिआंगसू प्रांतातील वामियाओ आणि शिनहुआई ही दोन गावे. पहिल्या गावाच्या पाण्यात सरासरी २.४७ मिलिग्रॅम फ्लोराइड, दुसऱ्यात ०.३६. संशोधकांनी पहिल्या गावातील २२२ आणि दुसऱ्यातील २९० मुलांना रेव्हन यांची आकृत्यांची चाचणी दिली. या चाचणीत वाचायचे-लिहायचे नसते, आकृत्यांमधला क्रम ओळखायचा असतो. २००३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. वामियाओची सरासरी ९२.०२, शिनहुआईची १००.४१.

आठ गुणांचा फरक! पण विज्ञानाचा शिक्षक इथे लगेच हात वर करील. फरक फ्लोराइडचाच कशावरून? एका गावात गरिबी जास्त असेल. आयोडीन कमी असेल. पाण्यात आर्सेनिकही असेल. शाळा लांब असेल. ही शंका रास्तच आहे. या अभ्यासात मुलांच्या लघवीतले आयोडीन तपासले होते, पण बहुतेक जुन्या अभ्यासांत अशी काळजी घेतलेली नव्हती. २०१२ मध्ये २७ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. जवळपास सगळ्यांचा कल एकाच दिशेला होता, पण अभ्यासांचा दर्जा सारखा नव्हता.

मग नव्या पद्धतीचे अभ्यास झाले. गरोदर बायकांच्या लघवीतले फ्लोराइड मोजायचे आणि मूल मोठे झाल्यावर त्याची चाचणी घ्यायची. फ्लोराइड वारेतून गर्भापर्यंत पोचते, आणि मेंदूची बांधणी तर तिथेच सुरू होते. मेक्सिकोतील २९९ आई-मुलांच्या जोड्यांच्या २०१७ च्या अभ्यासात आईच्या शरीरातले फ्लोराइड वाढत गेले तसे मुलांचे गुण घटलेले दिसले. कॅनडातील २०१९ च्या अभ्यासात मुलग्यांत असाच कल दिसला. उलट न्यूझीलंडमधील डनेडिनच्या अभ्यासात, १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार जणांमध्ये, फ्लोराइड मिसळलेले पाणी पिणारे आणि न पिणारे यांच्यात फरक आढळला नव्हता.

अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने सगळा पुरावा चाळून निष्कर्ष काढला. दर लिटरला १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड पोटात जाणाऱ्या मुलांचा बुद्ध्यंक कमी असण्याशी संबंध आहे, असे 'मध्यम खात्रीने' म्हणता येते. अमेरिकेत नळाच्या पाण्यात जे ०.७ मिळवतात, त्याबद्दल मत देण्याइतका पुरावा नाही. जानेवारी २०२५ मध्ये ७४ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांतले ४५ चीनमधले आणि १२ भारतातले होते. फ्लोराइड वाढले की गुण घटतात असा कल त्यातही दिसला. पण ७४ पैकी ५२ अभ्यासांत चूक शिरण्याचा संभव मोठा होता, हेही त्याच आढाव्याने सांगितले.

गेल्या काही वर्षांत जगभर गाजला तो ०.७ चा वाद. त्यावर कोर्टकज्जे झाले, मथळे झाले. तो वाद त्यांचा आहे, त्यांनी तो पुराव्याने सोडवावा. पण आपल्या काही गावांतल्या हापशांचे पाणी तीन आणि चार मिलिग्रॅमचे आहे. त्याबद्दल दातांचा, हाडांचा आणि आता मेंदूचा पुरावा एकाच बाजूला झुकतो. जिथे शंका सर्वांत कमी आहे तिथेच चर्चा सर्वांत कमी झाली.

आकडा गावाचा, मुलाचा नव्हे

हे सगळे वाचून आपण वर्गात शिरलो आणि डागाळलेल्या दातांचे मूल समोर आले, तर काय होईल? भीती अशी आहे की "दात घासत नाहीस का" या प्रश्नाची जागा "हे मंद असणारच" हा समज घेईल. असे झाले तर या ज्ञानाने आपण त्या मुलाचे दुसऱ्यांदा नुकसान करू.

म्हणून वामियाओचे आकडे पुन्हा पाहू. सरासरी ९२, पण गुण ५४ पासून १२६ पर्यंत पसरलेले होते. ज्या गावाचे पाणी वाईट, त्याच गावात १२६ गुणांचे मूल होते. शिनहुआईत, चांगल्या पाण्याच्या गावात, ६० गुणांचेही होते. दोन गावांच्या आलेखांचे डोंगर एकमेकांवर जवळजवळ झाकले जातात. फक्त एक थोडासा डावीकडे सरकलेला आहे. दातांकडे पाहून एका मुलाची बुद्धी सांगता येत नाही. सांगता येते ते एवढेच, की या मुलाने लहानपणी कसले पाणी प्यायले.

पण तो डोंगर सरकणे मात्र किरकोळ नाही. एका मुलाच्या आयुष्यात पाच-आठ गुण हरवलेले कोणाला कळतही नाहीत. सगळा गाव सरकला की दरवर्षी पहिलीत येणाऱ्या मुलांत अडखळणारी काही जास्त आणि भरारी घेणारी काही कमी असतात. गावाला वाटते, आपली मुलेच अशी. शिक्षकाला वाटते, आपले शिकवणे कमी पडते.

तेव्हा डाग दिसले तर मुलाला काही विचारू नये, पाण्याला विचारावे. ही मुले कोणत्या हापशाचे, कोणत्या बोअरचे पाणी पितात, याचा साधा नकाशा पाचवी-सहावीची मुलेही काढू शकतात. त्यावर त्या पाण्याचे नमुने जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवता येतात. रंग बदलून फ्लोराइडचा अंदाज देणारे किटही मिळते. एकाच गावात दोन बोअरच्या पाण्यात मोठा फरक असू शकतो, त्यामुळे बरे पाणी पुष्कळदा दोन गल्ल्या पलीकडेच असते. ते आधी कोणाला द्यायचे, हेही इतिहासाने सांगितले आहे. गरोदर बायकांना आणि अंगावरच्या, रांगत्या मुलांना. डीन यांच्या तपासणीत ही मंडळी कधी आलीच नव्हती. त्यांतल्या पुष्कळांना अजून दातच आलेले नसतात.

ओकलीच्या आयांकडे प्रयोगशाळा नव्हती. पाणी बदलले आणि मुलांचे दात बदलले, एवढे मात्र त्यांनी नेमके पाहिले होते. अहवाल निर्दोष आला तरी त्यांनी आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला. रोज चाळीस मुलांचे चेहरे पाहणाऱ्या आपल्यालाही तेवढे नक्कीच जमेल.